एका अक्षराचं अंतर

सव्वीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. आठवी ते दहावी, मराठी माध्यम. ‘क्वाएट’ लिहायचं तिथे ‘क्वाइट’ लिहिणाऱ्या किती मुलांच्या वह्यांवर मी लाल गोल काढले असतील, याचा हिशेब नाही. शेवटची दोन अक्षरं इकडची तिकडे झाली, की ‘शांत’चं ‘बरंचसं’ होऊन बसतं, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून द्यायचे. निवृत्त झाल्यावरही हा धंदा सुटला नाही. सोसायटीत कुणाला बँकेचं पत्र आलं, विम्याचा कागद आला, की ‘टीचरबाईंना दाखवा’ ठरलेलं. मलाही ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

त्याच मी गेल्या वर्षी माझ्या सख्ख्या आत्याच्या ऑपरेशनच्या फॉर्मवर एक चूक केली. चूक एका शब्दाची. शब्द म्हणजे तरी काय, शेवटच्या अक्षराची. पण तेव्हापासून सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी शब्दांकडे बघण्याची माझी नजरच बदलली. आज त्याबद्दलच बोलू या.

‘थायरॉइडच आहे!’

आत्या कराडजवळच्या खेड्यात राहते. वय अडुसष्ट, शिक्षण चौथी. पित्ताशयात खडे झाले म्हणून तिला पुण्यात आणलं. दाखल करताना चार पानी फॉर्म हातात आला, सगळा इंग्रजीत. आतेभाऊ म्हणाला, ‘‘ताई, तूच भर. तुझ्यासमोर आम्ही काय लिहिणार?’’ मी चष्मा लावला आणि झरझर भरून टाकला. ‘आधीचे आजार’ या रकान्यात थायरॉइड लिहायचं होतं. तिचा जुना रिपोर्ट मी कधीतरी पाहिला होता. टीएसएचच्या आकड्यापुढे ‘हाय’ची खूण होती एवढं पक्कं आठवत होतं. हाय म्हणजे हायपर. लिहिलं, ‘हायपरथायरॉइड’. सही केली, दिला.

संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. तरुण मुलगी, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं फॉर्म वाचला आणि आत्याच्या कापडी पिशवीतल्या गोळ्या पलंगावर मांडायला लावल्या. एक डबी हातात घेऊन ती थांबली.

‘‘हा फॉर्म कुणी भरला?’’

‘‘मी.’’

‘‘आजींना हायपर आहे की हायपो?’’

मी क्षणभर गप्प झाले आणि मग जे बोलले ते आठवलं की अजून कान गरम होतात. म्हटलं, ‘‘म्हणजे... थायरॉइडच आहे!’’

तिनं शांतपणे समजावलं. ‘‘मॅडम, ही गोळी थायरॉक्सिनची आहे. हार्मोन कमी पडतं म्हणून ते बाहेरून देतात. फॉर्मवर तुम्ही लिहिलंय, हार्मोन जास्त आहे. जास्त असेल तर हृदयाचे ठोके आधीच जलद असतात. ते आटोक्यात आल्याशिवाय असं ठरवून करायचं ऑपरेशन आम्ही करत नाही. म्हणजे एक तर फॉर्म चुकलाय, नाहीतर गोळी चुकलीय. यातलं खरं काय ते कळल्याशिवाय मी भूल देणार नाही.’’

पुन्हा रक्त घेतलं. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं. आतेभावाची एक रजा वाढली, आत्याला पुन्हा एकदा उपाशी राहावं लागलं. एवढ्यावर निभावलं, कारण तिनं पिशवी उघडून बघितली.

झोपलेलं पोर आणि हाक मारणारी आई

माझी गफलत कुठे झाली, ते त्या डॉक्टरनंच नंतर सांगितलं. हा घोटाळा अनेक घरांत होतो, म्हणून इथे सांगते. थायरॉइडच्या गोळ्या सुरू असणारी एक तरी बाई आपल्या ओळखीत असतेच.

टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हेच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं. थायरॉइडला ‘ऊठ, कामाला लाग’ असं सांगणारी ती हाक. आता सकाळी शाळेच्या वेळी आपण काय करतो? पोर पहिल्या हाकेला उठलं तर आवाज चढवावा लागत नाही. उठलं नाही, की आपला आवाज वाढत जातो. तसंच हे. थायरॉइड ग्रंथी सुस्त असली की पिट्युटरी आवाज चढवते, आणि रिपोर्टात टीएसएच ‘हाय’ दिसतो. म्हणजे बहुतेक वेळा टीएसएच हाय असेल तर थायरॉइड हायपो असते. मी हाक मोठी ऐकली आणि पोर जागं आहे असं समजले!

साखरेच्या बाबतीत तर याच जोडीशी खेळ जिवावरचा आहे. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर वाढलेली, हायपोग्लायसेमिया म्हणजे उतरलेली. साखर उतरली की घाम सुटतो, हातपाय थरथरतात, माणूस बरळायला लागतो. शुद्धीवर असेपर्यंत त्याला लगेच साखर-पाणी द्यायचं असतं. अशा वेळी फोनवर ‘हायपो’ऐवजी ‘हायपर’ ऐकलं आणि वाढलेली साखर उतरवायला म्हणून कुणी इन्शुलिन टोचलं तर? विचारही करवत नाही.

हायपर म्हणजे उपर

त्या रात्री वॉर्डात मी आत्याजवळ झोपायला होते. ती म्हणाली, ‘‘काय घोटाळा झाला गं मघाशी? डॉक्टरीणबाई तुला काय बोलली?’’

मी सगळं सांगितलं. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. दोन्ही शब्द तिला दोनदा म्हणून दाखवले. ती जरा वेळ पुटपुटली आणि म्हणाली, ‘‘सोपं तर आहे. हायपर म्हणजे उपर. उपर म्हणजे वर. दुसरं ते खाली.’’

मी हसले. पण घरी आल्यावर शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा कोश उघडला आणि हसू मावळलं. ग्रीक भाषेतला ‘हायपर’ आणि आपल्या संस्कृतातला ‘उपरि’ हे खरोखरच एका मुळातून आलेले सख्खे भाऊ आहेत! आणि ‘हायपो’चा भाऊ कोण? तर ‘उप’. उपनगर, उपसरपंच, उपकार्यालय. मुख्यापेक्षा एक पायरी खाली असलेला. चौथी शिकलेल्या आत्यानं कानानं जे ओळखलं, ते मला सव्वीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. मी शब्द पाठ करत आणि करवून घेत आले. शब्दाचे तुकडे करून बघायची सवय मलाच नव्हती.

मैत्रिणींनो, सारख्या दिसणाऱ्या शब्दांची गंमत हीच आहे. ओळखीचा शब्द आपण अक्षर अक्षर लावून वाचत नाही. चेहरा बघितल्यासारखा नुसता बघतो आणि पुढे जातो. जुळ्या बहिणींना लांबून हाक मारावी तशी मग गत होते. त्यांच्यातला फरक असतो एखाद्या तिळाएवढा, आणि तो तीळ कुठे आहे ते ठाऊक असावं लागतं.

बाळंतपणाच्या संदर्भातला ‘अँटिनेटल’ हा शब्द घ्या. आरोग्य केंद्रात गरोदर बायकांची ‘एएनसी’ तपासणी असते, त्यातला ‘ए’ म्हणजे हा शब्द. त्याचं स्पेलिंग बघताना तिसऱ्या अक्षरानंतर जपायचं. तिथे ‘ई’ हवा. लॅटिनमधल्या या ‘अँटे’चा अर्थ ‘आधी’. जन्माच्या आधीची काळजी. पण पुष्कळ ठिकाणी तो ‘आय’ घालून लिहिलेला दिसतो. ‘आय’वाला ‘अँटी’ म्हणजे ‘विरुद्ध’. अँटिबायोटिक, अँटिसेप्टिक यांतला. एका अक्षरानं गर्भवतीची काळजी घेणारा दवाखाना जन्माच्याच विरोधात उभा राहतो! लक्षात ठेवायला सोपी खूण घड्याळात आहे. सकाळच्या वेळेला आपण ‘ए. एम.’ म्हणतो, तो ‘ए’ याच ‘अँटे’चा. मध्यान्हीच्या आधी.

नावं सारखी, औषधं निराळी

औषधांच्या नावांत तर हा घोटाळा एवढा आहे, की कंपन्यांना नावं बदलावी लागली आहेत. आम्लपित्तावरचं एक औषध अमेरिकेत ‘लोसेक’ या नावानं आलं. ‘लॅसिक्स’ हे नाव आपल्याकडेही अनेकींना माहीत असेल, अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणारी गोळी. डॉक्टरांच्या हस्ताक्षरात दोन्ही सारखी दिसायला लागली. शेवटी १९९० साली तिथे लोसेकचं नाव बदलून ‘प्रायलोसेक’ केलं. पुढे २०१६ साली नैराश्यावरच्या ‘ब्रिन्टेलिक्स’चं ‘ट्रिन्टेलिक्स’ झालं. कारण काय, तर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या ‘ब्रिलिन्टा’शी त्याची गल्लत होत होती.

सगळीच नावं बदलता येत नाहीत. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००१ पासून एक युक्ती सुरू केली. जुळ्या नावांमधली जी अक्षरं वेगळी आहेत, तेवढीच मोठ्या लिपीत छापायची. ‘हायड्रॅलाझिन’ रक्तदाबावरचं, ‘हायड्रॉक्सिझिन’ अंगाच्या खाजेवरचं. सुरुवात आणि शेवट सारखा, म्हणून मधलीच अक्षरं ठळक. म्हणजे डोळा थांबायलाच हवा तिथे थांबतो. आपल्याकडेही २०१६ साली डॉक्टरांच्या नियमांत दुरुस्ती होऊन औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, असं त्यात आलं.

ही युक्ती मी घरी उचलली. आमच्या दोघांच्या गोळ्यांच्या पाकिटांवर नावं सारखी वाटली, की जिथे फरक आहे तिथे लाल पेनानं रेघ. दोन रुपयांचं रिफील, पण उपयोग लाखाचा.

औषधाच्या चिठ्ठीवरची आणखी एक जोडी म्हणजे ‘अल्टरनेट’ आणि ‘अल्टरनेटिव्ह’. अल्टरनेट डे म्हणजे एक दिवसाआड. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्याय, याच्याऐवजी ते. अमेरिकेत पहिला शब्द दुसऱ्याच्या अर्थानंही चालतो, त्यामुळे गोंधळात भर. चिठ्ठीवर यातला कुठलाही शब्द दिसला की दुकानदाराला सरळ विचारावं, ‘‘म्हणजे रोज नाही ना घ्यायची?’’

फुकटचा नाश्ता आणि बाळाचं वरचं अन्न

आता जरा हलक्या जोड्या. हॉटेलात ‘कॉम्प्लिमेंटरी’ नाश्ता असतो, तो फुकटचा. खोलीच्या भाड्यात तो धरलेला असतो हा भाग वेगळा! बाळ सहा महिन्यांचं झालं की अंगावरच्या दुधासोबत आपण मऊ वरण-भात, नाचणीची पेज असं वरचं अन्न सुरू करतो. त्यालाही डॉक्टर ‘कॉम्प्लिमेंटरी’ फीडिंग म्हणतात. उच्चार तोच, देवनागरीत लिहिलं तर शब्दही तोच. पण इंग्रजीत मधलं एक अक्षर वेगळं. नाश्त्याच्या शब्दात ‘आय’, बाळाच्या शब्दात ‘ई’. ‘ई’वाला शब्द ‘कम्प्लीट’चा नातेवाईक, त्याचा अर्थ पूरक. पूर्ण करणारा. म्हणजे दूध बंद करून नव्हे, दुधाच्या जोडीनं द्यायचं अन्न. एवढं एक अक्षर समजलं तर ‘वरचं सुरू केलं, आता अंगावरचं तोडा’ असं सांगणाऱ्यांना उत्तर देता येतं.

कौतुकाचा ‘कॉम्प्लिमेंट’ मात्र ‘आय’वाला. ‘आय’ म्हणजे मी. कौतुक मला हवं, अशी खूण मी मुलांना सांगायचे. वर्गात हशा पिकायचा, पण विसरायचं कुणी नाही.

‘स्टेशनरी’चंही तसंच. वह्या-पेनांची स्टेशनरी आणि एका जागी उभी असलेली स्टेशनरी गाडी. पहिल्यात शेवटी ‘ई’, एन्व्हलपमधला. दुसऱ्यात ‘ए’. पण मुळात दोघी एकाच घरच्या. युरोपात पूर्वी बरेच विक्रेते गावोगाव फिरून माल विकायचे. विद्यापीठांच्या आसपास पुस्तकं विकणारे मात्र एका जागी दुकान थाटून बसत, म्हणून ते ‘स्टेशनर’. त्यांच्याकडचा माल ती स्टेशनरी. अप्पा बळवंत चौकात जूनमध्ये गर्दीत उभं राहून वह्या घेताना मला हे नेहमी आठवतं. तिथे दुकानदार काय आणि आपण काय, सगळेच ‘स्टेशनरी’!

कष्टाळू की कामचुकार?

आमच्या शेजारच्या वहिनींची सून मुलं मोठी झाल्यावर दहा वर्षांनी पुन्हा नोकरीला लागायचं म्हणत होती. अर्ज मला दाखवायला घेऊन आली. हुशार मुलगी, पण आत्मविश्वास पार गेलेला. अर्जात तिनं लिहिलं होतं, ‘आय वर्क हार्डली’. तिला म्हणायचं होतं, मी कष्टानं काम करते. अर्थ झाला होता, मी काम जेमतेमच करते!

तिचा तर्क चुकीचा नव्हता. ‘स्लो’चं ‘स्लोली’ होतं, ‘क्विक’चं ‘क्विकली’ होतं, मग ‘हार्ड’चं ‘हार्डली’ का नाही? पण ‘हार्ड’ला क्रियेपुढे शेपूट लागत नाही आणि ‘हार्डली’ केव्हाच वेगळं घर करून राहिलाय. ‘लेट’ आणि ‘लेटली’चं तेच. ‘शी केम लेट’ म्हणजे उशिरा आली, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. आणि नावाआधी ‘लेट’ लावलं तर माणूस थेट स्वर्गवासी. ‘माझे लेट मिस्टर’ म्हणताना बघून म्हणावं, मिस्टर ऑफिसातून उशिरा येणारे असतील तर!

मी तो शब्द खोडला, तेव्हा तिचा चेहरा पडला. म्हणाली, ‘‘बघा ना काकू, एवढंही येत नाही मला.’’ आत्याचा प्रसंग घडून तेव्हा महिनाच झाला होता. मी तिला तो अथपासून इतिपर्यंत सांगितला. सव्वीस वर्षांच्या बाईचं ‘थायरॉइडच आहे’ ऐकून ती पोट धरून हसली, आणि अर्ज घेऊन गेली. एका अक्षराची चूक ही अक्कल मोजायची फूटपट्टी नव्हे, हे तिला पटलं असावं.

देणार कोण, घेणार कोण?

सहीच्या कागदांवरच्या जोड्या मात्र हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. घर भाड्यानं देताना, कर्ज काढताना इंग्रजी कागदावर दोन माणसं दिसतात. ‘लेसर’ आणि ‘लेसी’. ‘मॉर्टगेजर’ आणि ‘मॉर्टगेजी’. फरक फक्त शेपटीचा. आपण सही करतो त्या बाजूला यातलं काय छापलंय, हे किती जणी बघतो?

यावरचा उपाय आपल्या मराठी दस्तातच आहे. खरेदीखतावर, गहाणखतावर काय लिहिलेलं असतं? ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. बस्स. ज्याच्या शेवटी ‘अर’ तो देणार, ज्याच्या शेवटी ‘ई’ तो घेणार. एम्प्लॉयर नोकरी देणार, एम्प्लॉयी घेणार. पेअर पैसे देणार, पेयी घेणार. म्हणूनच चेकवर जिचं नाव ती पेयी. लेसर म्हणजे जागा भाडेपट्ट्यानं देणारा मालक, लेसी ती घेणारा भाडेकरू.

आता खरी मेख मॉर्टगेजमध्ये. आपल्याला वाटतं, कर्ज देणारी बँक, म्हणजे बँक ‘अर’वाली. पण इथे देण्या-घेण्याची गोष्ट कर्ज नव्हे, गहाण आहे. घर गहाण कोण देतं? आपण. म्हणून आपण मॉर्टगेजर आणि बँक मॉर्टगेजी. आणि ‘गॅरंटर’च्या खाली सही करायला सांगितली, तर जामीन ‘देणार’ आपण, हेही त्याच शेपटीत लिहिलेलं आहे. कर्ज घेणाऱ्यानं हप्ते थकवले तर वसुली आपल्या दारात येऊ शकते. ‘फक्त सही कर गं, फॉर्मॅलिटी आहे’ असं घरातलं कुणी म्हणालं, तरी ती शेपूट आधी वाचायची. ‘अटेंडी’सारखे काही शब्द हा नियम मोडतात, पण कागदपत्रांच्या कामाला तो चांगला उपयोगी पडतो.

शब्दच फसवतो तेव्हा

कधीकधी चूक वाचणाऱ्याची नसतेच. टँकरच्या मागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशी पाटी आपण लहानपणापासून बघतोय. ‘इन’ लागला की अर्थ उलटा, असं आपणच मुलांना शिकवतो. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल. मग फ्लेमेबल म्हणजे पेटणारं आणि इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं, असं कुणाला वाटलं तर त्याचं काय चुकलं? पण दोन्हींचा अर्थ एकच, भडकन पेट घेणारं. हा ‘इन’ नकाराचा नाहीच. लॅटिनमध्ये ‘आत’ या अर्थाचा दुसरा ‘इन’ होता, तो हा. ‘न पेटणारं’ म्हणायचं असेल तर ‘नॉन-फ्लेमेबल’.

हा घोटाळा इंग्रजी बोलणाऱ्यांचाही होऊ लागला. म्हणून गेल्या शतकात अग्निसुरक्षेची कामं करणाऱ्यांनी आग्रह धरून पाट्यांवर नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहायला सुरुवात केली. चूक माणसाची म्हणून सोडून दिली नाही, पाटी बदलली. आपल्या घरातल्या सॅनिटायझरच्या, नेलपॉलिश रिमूव्हरच्या, सेंटच्या डब्यांवर यातला कुठलाही शब्द दिसू शकतो. दोन्हींचा अर्थ एकच, गॅसच्या ओट्यापासून लांब.

आपल्याकडचेही जुळे

इंग्रजीला नावं ठेवायला नकोत, आपल्या घरातही असे जुळे आहेतच. कृतज्ञ आणि कृतघ्न. अपेक्षा आणि उपेक्षा. दिन आणि दीन. शिर आणि शीर, एकानं माणूस जातो, दुसरीनं नुसता लंगडतो. गावोगावी ‘उपहारगृह’ अशी पाटी दिसते. उपहार म्हणजे भेटवस्तू. खायला मिळतं ते उपाहारगृह, उप अधिक आहार.

पण कृतज्ञ आणि कृतघ्न यांत आपण सहसा गोंधळत नाही. का? सर्वज्ञातला ‘ज्ञ’ आणि शत्रुघ्नातला ‘घ्न’ आपल्या कानावरून लहानपणापासून गेलेत. एक जाणणारा, एक मारणारा. तुकडा ओळखीचा असला की जुळे फसवत नाहीत. इंग्रजीचे तुकडे आपल्याला कुणी ओळख करून दिले नाहीत, एवढंच. ते काम शिक्षकांचं होतं, माझंही होतं.

आत्याची चिठ्ठी

शेवटी मनातलं सांगते. त्या रात्री वॉर्डात हायपर-उपर झाल्यावर मी आत्याला म्हटलं, ‘‘पण तुला तरी ठाऊक होतं का, कमी आहे की जास्त?’’

ती सहज म्हणाली, ‘‘होतं की. गावच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आजी, तुमचं कमी पडतंय, म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी. सात वर्षं घेतेय.’’

‘‘मग मी फॉर्म भरत होते तेव्हा बोलली का नाहीस?’’

‘‘तू इंग्रजीत लिहीत होतीस. तू शिकलेली. मधे मी काय बोलणार?’’

एवढा वेळ मी माझ्या चुकीचं वाईट वाटून घेत होते. पण चूक फक्त शब्दाची नव्हती. उत्तर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलं होतं, मराठीत. मी विचारलंच नाही. आणि जिला ठाऊक होतं, ती इंग्रजी कागद बघून गप्प बसली. अशा किती आज्या, काकू, सुना त्यांच्याच आजाराबद्दल, त्यांच्याच घराच्या कागदाबद्दल गप्प बसत असतील?

तेव्हापासून माझा एक नियम आहे. कुणाचाही फॉर्म भरायला आला, की आधी पेन खाली ठेवायचं आणि त्या बाईला तिच्या शब्दांत विचारायचं, काय होतंय, किती वर्षं, गोळी कशासाठी? मग इंग्रजी शब्द शोधायचा. दोन शब्दांत गोंधळ वाटला तर सरळ समोरच्याला विचारायचं, ‘‘म्हणजे कमी की जास्त? म्हणजे देणार की घेणार?’’ यात कमीपणा नाही. त्या डॉक्टर मुलीनं मला हाच प्रश्न विचारला, म्हणून तर आत्या सुखरूप घरी गेली.

घरी जाताना मी आत्याला मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहून दिली होती. ‘थायरॉइड कमी आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी.’ ती म्हणाली, खाली इंग्रजीतही लिही, डॉक्टरांना बरं पडेल. लिहिलं. परवा कराडला गेले, तेव्हा तिनं पिशवीतून ती चिठ्ठी काढून दाखवली. घडीवर विरली होती, हळदीचा एक डाग पडला होता. खालच्या इंग्रजी शब्दातल्या ‘हायपो’च्या शेवटच्या ‘ओ’भोवती तिनं नातवाच्या लाल पेनानं गोल काढला होता.

‘‘चुकलं म्हणून नव्हे हो,’’ ती घाईनं म्हणाली, ‘‘बघणाऱ्याची नजर तिथे थांबावी म्हणून.’’